स्वतःचा गेम सर्व्हर: चीटर, ग्रीफर आणि हल्लेखोरांचा बंदोबस्त

गेम सर्व्हर सगळ्यांसाठी उघडला की तीन तऱ्हेचे त्रासदायक लोक येतात. पहिला चीटर. तो खेळात असतो, त्याला जिंकायचं असतं आणि त्यासाठी तो आपल्या मशीनवरचा गेम बदलून घेतो. दुसरा ग्रीफर. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. तो दुसऱ्यांची घरं जाळतो, पेट्या रिकाम्या करतो, चॅटमध्ये घाण करतो. तिसरा हल्लेखोर. तो बहुधा खेळात येतच नाही. बाहेरून सर्व्हर आडवा करतो, नाहीतर एखाद्या उघड्या फटीतून आत शिरून अ‍ॅडमिनचे अधिकार घेतो.

या तिघांची औषधं वेगवेगळी आहेत आणि नवखा चालक नेमकं इथेच गल्लत करतो. लॅग आला की चीटर शोधतो, डीडॉस (अनेक मशीनवरून एकाच वेळी येणारा पॅकेटांचा पूर) चालू असताना एकेक आयपी बॅन करत बसतो, आणि घर जाळणाऱ्यासाठी अँटीचीट बसवतो. म्हणून कुठलीही तक्रार आली की आधी ठरवायचं: हा तिघांपैकी कोण?

पुढचा क्रम साधारण १० ते १०० खेळाडूंच्या सर्व्हरसाठी आहे. उदाहरणं माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या सोर्स इंजिनवरच्या गेमची आहेत. बाकी गेममध्ये नावं बदलतील, तत्त्व तेच राहील.

१. उघडण्याआधी कुलपं तपासा

पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणून सर्व्हर लपून राहत नाही. माइनक्राफ्ट जावाचं ठरलेलं पोर्ट २५५६५ आहे आणि ते उघडं असलेली मशीन शोधत फिरणारे स्कॅनर इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. तेव्हा पहिल्या खेळाडूला बोलावण्याआधी एवढं कराच.

सर्व्हर प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये ‘ऑनलाइन मोड’ चालू ठेवा. तो बंद असला की खात्याची पडताळणी होत नाही. मग कोणीही तुमचंच नाव लावून येतो आणि सर्व्हर त्याला तुम्ही समजून अ‍ॅडमिनचे अधिकार देतो. ओळखीच्यांपुरता सर्व्हर असेल तर व्हाइटलिस्ट चालू करा, आणि सोबत ‘एन्फोर्स व्हाइटलिस्ट’ही करा. नुसती व्हाइटलिस्ट नव्या माणसाला अडवते. आधीच आत असलेल्याला बाहेर काढायचं काम दुसरी सेटिंग करते.

आरकॉन, म्हणजे दुरून कमांड द्यायची सोय, लागत नसेल तर बंदच ठेवा. माइनक्राफ्टमध्ये तिचं पोर्ट २५५७५ असतं, सोर्स गेममध्ये गेमच्याच २७०१५ वर, पण टीसीपीवर (गेम स्वतः यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने बोलतो). आरकॉनचं बोलणं एन्क्रिप्ट केलेलं नसतं, पासवर्डसुद्धा उघडाच जातो. म्हणून ते पोर्ट बाहेरून बंद करा आणि वापरायचं झालं तर एसएसएचच्या, म्हणजे मशीनवर दुरून शिरायच्या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीच्या, बोगद्यातून वापरा.

फायरवॉलमध्ये गेमचं पोर्ट आणि एसएसएच एवढंच उघडं ठेवून बाकी सगळं बंद करा. एसएसएचला परवानगी देणारा नियम आधी टाका, ‘बाकी सगळं बंद’ नंतर. क्रम उलटा झाला तर तुम्ही स्वतःच बाहेर अडकता. डॉकर वापरत असाल तर आणखी एक खाचखळगा आहे: डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे नियम घालतो, त्यामुळे लिनक्सच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये बंद दिसणारं पोर्ट प्रत्यक्षात जगाला उघडं असू शकतं. फायरवॉलच्या यादीवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या नेटवर्कवरच्या मशीनवरून एनमॅप (उघडी पोर्टं शोधणारं साधन) चालवून खात्री करा.

बंजीकॉर्ड किंवा व्हेलॉसिटीसारखा प्रॉक्सी, म्हणजे खेळाडू आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारा दुवा, पुढे ठेवला असेल तर इथे जास्त जपा. अशा मांडणीत मागच्या सर्व्हरवर ऑनलाइन मोड बंद ठेवावा लागतो, कारण पडताळणी प्रॉक्सी करतो. मागच्या सर्व्हरचं पोर्ट उघडं राहिलं तर प्रॉक्सीला वळसा घालून कोणीही, कोणाच्याही नावाने, थेट आत येऊ शकतो. मागचा सर्व्हर फक्त प्रॉक्सीच्याच आयपीला उत्तर देईल असं करा. व्हेलॉसिटी असेल तर त्याचं आधुनिक फॉरवर्डिंग गुप्त किल्लीसह वापरा.

अपडेट आळसावर टाकू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल ही, लॉग लिहिणाऱ्या जावाच्या लायब्ररीतली फट उघड झाली तेव्हा चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप करणं एवढंच पुरेसं होतं. सर्व्हर ती ओळ लॉगमध्ये लिहिताना हल्लेखोराचा कोड आणून चालवत असे. माइनक्राफ्टची १.१८.१ आवृत्ती त्यावरचा उपाय घेऊन आली. १.७ पासून त्याआधीपर्यंतच्या आवृत्त्या योग्य दुरुस्तीशिवाय आजही तितक्याच धोक्याच्या आहेत. प्लगइन आणि मॉडबाबतही तेच. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर नावाजलेल्या डाउनलोड स्थळांवरच्या मॉड आणि प्लगइनमध्ये सापडलं होतं. ‘पैसे देऊन घ्यायचा प्लगइन फुकटात’ अशी फाइल तर मुळीच घालू नका; कोणालाही गुपचूप अ‍ॅडमिन करणारा चोरदरवाजा बहुतेक वेळा अशाच फाइलमध्ये लपवलेला असतो.

गेम सर्व्हर रूट (मशीनचे सगळे अधिकार असलेल्या) खात्यावरून चालवू नका. वेगळा साधा वापरकर्ता करा. उद्या प्लगइनमधून कोणी आत आलाच, तर त्याच्या हाती एक फोल्डर लागेल, अख्खी मशीन लागणार नाही.

२. झालेलं नुकसान उलटवता आलं पाहिजे

ग्रीफरवर खरा इलाज हा आहे. पकडणं, बॅन करणं हे नंतर. ज्याचं महिन्याभराचं बांधकाम गेलं त्याला ते परत मिळणं महत्त्वाचं.

माइनक्राफ्टमध्ये कोअरप्रोटेक्ट हा नोंदी ठेवणारा प्लगइन पहिल्याच दिवशी बसवा. तो बसवल्यानंतरच्याच घडामोडी नोंदवतो, त्यामुळे नासधूस झाल्यावर बसवणं म्हणजे वरातीमागून घोडं. वापरायची रीत अशी: आधी तपासणीचा मोड चालू करून तुटलेल्या ब्लॉकवर क्लिक करा, कोणी आणि कधी तोडला ते दिसतं. मग रोलबॅकला, म्हणजे बदल उलटवायच्या कमांडला, तीन गोष्टी द्या: खेळाडूचं नाव, किती तासांपूर्वीपर्यंत, आणि किती ब्लॉकांच्या परिघात. पहिल्यांदा प्रीव्ह्यू लावून बघा आणि मगच खरा रोलबॅक करा. परिघाची मर्यादा काढून ‘या माणसाचं सगळं उलटव’ म्हटलं तर त्याने दुसऱ्यांना मदत म्हणून बांधलेल्या भिंतीही जातात.

एक गोष्ट हमखास राहून जाते. आगीने जळलेले आणि टीएनटीने उडालेले ब्लॉक माणसाच्या नावावर न पडता आग, टीएनटी अशा वेगळ्या नावांवर नोंदले जाऊ शकतात. ग्रीफरच्या नावाने रोलबॅक केला, त्याने चकमकीने लावलेली आग परत गेली, पण घर अजून राखच आहे असं दिसलं तर त्याच वेळेचा आणि त्याच परिघाचा रोलबॅक त्या नावांनीही करा.

याशिवाय पूर्ण बॅकअप: दर ६ तासांनी एक, ७ दिवसांचे, आणि आठवड्याचा एक, ४ आठवड्यांचे. चालू जगाच्या फाइली तशाच कॉपी केल्या तर अर्धवट लिहिलेले तुकडे बॅकअपमध्ये येतात. म्हणून आधी आपोआप सेव्ह होणं थांबवायचं, मग सगळं एकदा डिस्कवर लिहायला लावायचं, कॉपी करायची आणि सेव्ह पुन्हा चालू करायचं. स्क्रिप्ट मध्येच अडली तर ही शेवटची पायरी राहून जाते आणि सर्व्हर पुढे तासन्तास काहीच डिस्कवर लिहीत नाही. स्क्रिप्ट कशीही संपली तरी सेव्ह चालू होईल अशी सोय त्यातच करा. बॅकअप दुसऱ्या मशीनवर असावा, आणि गेमच्या मशीनवरून तो पुसता येऊ नये. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या फोल्डरात उघडून, सर्व्हर सुरू करून, आत चालून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

३. फसवणुकीला जागाच कमी ठेवा

चीटचे दोन मोठे गट आहेत. एक कृतीचे: उडणं, जास्त वेगाने पळणं, लांबून मारणं, आपोआप नेम धरणारा एमबॉट. दुसरे माहितीचे: भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारा वॉलहॅक, दगडाआडचे हिरे दाखवणारा एक्स-रे. पहिल्या गटातलं बरंच काही सर्व्हर हिशेब करून पकडू शकतो. दुसऱ्या गटात चीटर सर्व्हरला खोटं काही सांगतच नाही. सर्व्हरने स्वतःहून पाठवलेली माहिती तो फक्त उघडून बघतो. म्हणून त्यावर खात्रीचा उपाय एकच: जी माहिती खेळाडूला अजून दिसायला नको, ती पाठवायचीच नाही.

पेपर या माइनक्राफ्टच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमधला अँटी-एक्स-रे हेच करतो. तो मुळात बंद असतो, चालू करावा लागतो. पहिल्या मोडमध्ये दगडात गाडलेली खनिजं साधा दगड म्हणून पाठवली जातात. दुसऱ्या मोडमध्ये सगळीकडे खोटी खनिजं पेरली जातात, त्यामुळे एक्स-रे वाल्याला नुसता पसारा दिसतो; त्याला बँडविड्थ जास्त लागते. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी. गुहेच्या भिंतीवर हवेला उघडी असलेली खनिजं मात्र दोन्हींत तशीच दिसू शकतात, तेव्हा एक्स-रे पूर्ण बंद झाला असं समजू नका.

सोर्स गेममध्ये ‘एसव्ही चीट्स’ शून्यावर ठेवा, ‘एसव्ही प्युअर’ चालू करा म्हणजे बदललेल्या टेक्स्चर आणि मॉडेलच्या फाइली चालणार नाहीत, आणि सर्व्हर वॅकशिवाय (वाल्व कंपनीच्या अँटीचीटशिवाय) सुरू होत नाही ना ते बघा. वॅक २००२ पासून आहे, पण त्याचे बॅन मुद्दाम उशिरा आणि एकगठ्ठा येतात, जेणेकरून चीट बनवणाऱ्याला नेमकं काय पकडलं गेलं ते कळू नये. तेव्हा आजचा सामना वॅक वाचवेल अशी अपेक्षा नको. सामना बाहेर दाखवत असाल तर प्रक्षेपण किमान ९० सेकंद मागे ठेवा. नाहीतर प्रेक्षक फोनवरून शत्रूची जागा सांगतो, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही.

४. अँटीचीट बसवा, पण लगेच शिक्षा देऊ देऊ नका

अँटीचीट प्लगइन बसवल्यावर पहिले १० ते १४ दिवस तो फक्त नोंद करील असं ठेवा. किक नाही, बॅन नाही. या दिवसांत तुमच्या विश्वासातल्या खेळाडूंवर किती खोटे इशारे येतात ते मोजा आणि त्यानुसार मर्यादा सैल करा.

खोटे इशारे येतात कुठून? बहुतेक वेळा नेटवर्कमधून. माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळ पुढे सरकवायच्या पायऱ्या, चालतो; एक टिक ५० मिलिसेकंदांचा. खेळाडूचं वायफाय २ सेकंद अडलं की त्याच्या हालचालींची सुमारे ४० पॅकेट साचतात आणि एकदम येऊन पडतात. सर्व्हरला तो क्षणात अंतर कापताना दिसतो. खरा वेग वाढवणारा चीटर असा धबधबा पाठवत नाही. तो सेकंदाला २० च्या जागी २२ किंवा २५ पॅकेट सतत पाठवत राहतो. म्हणून एका क्षणावर न जाता १० ते २० सेकंदांची सरासरी बघा. सरळ जमिनीवर चालण्याचा वेग सेकंदाला ४.३१७ ब्लॉक आणि धावण्याचा ५.६१२ असतो. पण बर्फ, वेगाचं औषध, एलिट्रा, रिपटाइडचं त्रिशूळ, एंडर पर्ल आणि टेलिपोर्टचे प्लगइन यातलं काहीही हा हिशेब मोडतं.

दुसरं कारण तुमचा स्वतःचा सर्व्हर. टीपीएस, म्हणजे सेकंदाला होणारे टिक, २० वरून १४ वर आला असेल तर सर्व्हरचं घड्याळच मागे पडलेलं असतं आणि सगळेच खेळाडू वेगवान दिसतात. टीपीएस १८ च्या खाली गेला की अँटीचीटच्या शिक्षा आपोआप थांबतील अशी सोय असेल तर लावा. तिसरं, गायझर या जोडणाऱ्या साधनातून जावा सर्व्हरवर येणारे माइनक्राफ्टच्या बेडरॉक आवृत्तीचे खेळाडू. त्यांची हालचाल वेगळी असते, त्यांना जावाच्या मापाने मोजू नका.

नंतरही आपोआप बॅन टाळाच. मशीनने जास्तीत जास्त किक करावी किंवा खेळाडूला मागच्या जागी परत ठेवावं. बॅनचा निर्णय माणसाचा.

५. संशयिताची तपासणी

इथे घाई केली की निरपराध माणूस जातो. आणि चांगल्या खेळाडूला खोट्या आरोपावरून हाकललं तर त्याच्यासोबत त्याचे मित्रही जातात. सर्व्हरचं यासारखं नुकसान चीटरही करत नाही. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. दहा सेकंदांची एक क्लिप पुरावा होत नाही, कारण पाठवणाऱ्याने ती निवडून पाठवलेली असते.

एक्स-रेचा संशय असेल तर खेळाडूकडे बघू नका, त्याच्या बोगद्याकडे बघा. कोअरप्रोटेक्टमधून त्याचे हिरे कुठे निघाले त्या जागा काढा आणि अदृश्य होऊन त्या बोगद्यातून चालत जा. प्रामाणिक खाणकामगाराचा बोगदा कंटाळवाणा असतो: लांब सरळ ओळ, तिला ठराविक अंतरावर फाटे, आणि त्यातले बहुतेक फाटे रिकामे संपलेले. एक्स-रे वाल्याचा बोगदा सरळ जातो, कुठलीही गुहा किंवा खूण नसताना अचानक काटकोनात वळतो, सहा-सात ब्लॉक दगड फोडून बरोबर हिऱ्यापाशी पोचतो, आणि तिथूनच तिरका पुढच्या हिऱ्याकडे निघतो. एकही फाटा वाया गेलेला नसतो. वाटेतला कोळसा आणि लोखंड तसंच सोडलेलं असतं. अशी एक जागा म्हणजे नशीब. पाच-सहा सलग जागा मिळाल्या की निर्णय घ्यायला हरकत नाही.

नेमबाजीच्या गेममध्ये सर्व्हरवरचं डेमो रेकॉर्डिंग कायम चालू ठेवा आणि संशयिताचे किमान ३ सामने, त्याच्या डोळ्यांतून, हळू वेगाने बघा. माणसाचा हात लक्ष्याकडे जाताना थोडा पुढे निघून जातो आणि मग मागे येतो. किंवा अलीकडे थांबतो आणि उरलेलं अंतर सावकाश भरतो. एमबॉटचा नेम एका टिकमध्ये डोक्यावर जाऊन जागीच थिजतो, आणि प्रत्येक वेळी तसाच. मात्र हे पारखताना रेकॉर्डिंग कशाचं आहे ते बघा. सर्व्हर ६४ टिकांवर, म्हणजे १५.६ मिलिसेकंदांना एक टिक असा चालत असला तरी टीव्ही डेमो सेकंदाला १६ किंवा ३२ वेळाच चित्र साठवत असू शकतो. मग मधल्या हालचाली त्यात नसतात, त्यामुळे चांगल्या खेळाडूचा साधा झटकाही डेमोत उडी मारल्यासारखा दिसतो. या एका कारणाने कितीतरी निर्दोष लोकांवर आळ येतो.

वॉलहॅकमध्ये नेम भिंतीपलीकडच्या शत्रूसोबत सरकताना दिसला तर तो मोठा पुरावा, पण हुशार चीटर हे करत नाही. त्याला पकडायचं तर तो काय करत नाही ते बघा. कोपऱ्यावर शत्रू असू शकतो अशा ठिकाणी प्रत्येक खेळाडू क्षणभर नजर टाकतो. तो माणूस रिकाम्या कोपऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही आणि भरलेल्या कोपऱ्यावर मात्र दरवेळी तयार असतो, असं सामन्यांमागून सामने दिसलं तर ते नशीब नाही. तरी दुसरी कारणं आधी काढून टाका: पावलांचा आवाज, साथीदाराने दिलेली बातमी, मागच्या फेरीत तिथेच मारला गेल्याची आठवण.

दोन जणांनी वेगवेगळं बघून, एकमेकांना न सांगता मत लिहावं. दोन्ही जुळली तर पुढे जा. नाही जुळली तर आणखी सामने. आणि तक्रार करणाऱ्याला तपासणीला बसवू नका, तो कितीही जुना मित्र असला तरी.

६. बॅन करताना

नावावर बॅन करू नका, नाव बदलता येतं. माइनक्राफ्टमध्ये यूयूआयडी आणि सोर्स गेममध्ये स्टीमआयडी हे खात्याचे न बदलणारे क्रमांक धरा; ‘स्टेटस’ कमांड दिली की स्टीमआयडी दिसतो. प्रत्येक बॅनची नोंद ठेवा: खात्याचा क्रमांक, युटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, नकाशा किंवा जागेचे निर्देशांक, पिंग, त्या वेळचा टीपीएस, पुराव्याची फाइल, निर्णय घेणारे दोघं. हे सहा महिन्यांनी अपील आल्यावर कामाला येतं. वेळा जुळण्यासाठी मशीनचं घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) लावलेलं असावं.

आयपी बॅन हे तात्पुरतं हत्यार आहे. मोबाइल नेटवर्कवर आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांवर एकाच आयपीमागे अनेक अनोळखी ग्राहक असतात. तिथे आयपी बॅन केला तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. शिवाय तोच चीटर राउटर बंद-चालू करून नवा पत्ता घेऊन येतो. कोणी तासाभरात पाच खाती बदलून येत असेल तर २४ तासांचा आयपी बॅन ठीक, त्याहून जास्त नको.

बॅनच्या संदेशात कारण थोडक्यात, मुदत आणि अपील कुठे करायचं ते द्या. कसं पकडलं ते सांगू नका. भर चॅटमध्ये वाद घालू नका, आणि कोणाचाही आयपी किंवा खरं नाव जाहीर करू नका. चीटर असला तरी. लॉगमधले आयपी ९० दिवसांनंतर पुसून टाका, तोवर त्यांचं काम झालेलं असतं.

७. हल्ला होतो तेव्हा

गेम सर्व्हरवरचे हल्ले पोरखेळ समजू नका. २०१६ मध्ये इंटरनेट हादरवणारं मिराई हे बॉटनेट माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातल्या चढाओढीतूनच वाढलं. घरोघरचे कॅमेरे आणि राउटर त्याने ताब्यात घेतले होते, आणि सोर्स इंजिनच्या सर्व्हरला लोळवण्यासाठी त्यात वेगळा हल्लाच लिहिलेला होता. ते बनवणाऱ्या तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

खेळाडू एकदम गळायला लागले की आधी हा खरोखर हल्ला आहे का ते बघा. होस्टच्या वेब कन्सोलवरून आत जा, कारण एसएसएच अडलेलं असू शकतं. प्रोसेसर भरलेला आणि नेटवर्क शांत असेल तर बहुधा कोणीतरी गेममध्येच लॅग मशीन (सर्व्हर मुद्दाम मंद करणारं यंत्र) बांधलं आहे किंवा प्लगइन अडकला आहे. स्पार्क प्रोफाइलर चालवला की गुन्हेगार दिसतो. प्रोसेसर निवांत पण नेटवर्क फुगलेलं असेल तर तो बाहेरून आलेला पूर.

मग टीसीपीडम्प हे साधन चालवून २०,००० पॅकेट पकडा, प्रत्येकाचे पहिले १२८ बाइट पुरेसे आहेत, आणि फाइल जपून ठेवा. हल्ला १० मिनिटांत संपू शकतो. त्यानंतर हा पुरावा मिळत नाही. त्या फाइलमध्ये तीन गोष्टी बघा: टीसीपी की यूडीपी, कुठल्या पोर्टवरून येतंय, आणि पॅकेटं किती मोठी आहेत.

येणाऱ्या यूडीपी पॅकेटांचं मूळ पोर्ट ५३, १२३, ३८९, १९०० किंवा ११२११ असेल तर तो परावर्तित हल्ला. हल्लेखोराने तुमचा पत्ता लावून जगभरच्या डीएनएस, एनटीपी, मेमकॅश्ड अशा सर्व्हरना प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची मोठाली उत्तरं तुमच्यावर येत आहेत. इथे आयपी बॅन करणं व्यर्थ, कारण दिसणारे पत्ते हल्लेखोराचे नाहीत. आणि तुमच्या मशीनवरची फायरवॉलही पुरत नाही. १ गिगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. गल्लीच तुंबली असेल तर दारावर पहारेकरी वाढवून काय होणार? पॅकेटं तुमच्या अलीकडेच, होस्टच्या नेटवर्कवर गाळली गेली पाहिजेत. होस्टला पाठवायच्या तक्रारीत तुमचा आयपी आणि पोर्ट, सुरू झाल्याची युटीसी वेळ, सेकंदाला किती मेगाबिट आणि किती पॅकेट, आणि वरची पकडलेली फाइल द्या. ‘सर्व्हर डाउन आहे, मदत करा’ एवढ्याने काम पुढे सरकत नाही.

ही मूळ पोर्टं बंद करायला सांगताना एक काळजी घ्या. ५३ सरसकट बंद केलं की तुमच्याच मशीनला डीएनएसची उत्तरं मिळेनाशी होतात. मग पूर ओसरला तरी खेळाडूंना आत येता येत नाही, कारण ऑनलाइन मोडला खातं पडताळणारा सर्व्हरच सापडत नाही. होस्टच्या स्वतःच्या डीएनएस आणि एनटीपीला सूट ठेवून बाकी बंद करा.

दुसरा प्रकार लहान पॅकेटांचा. सगळ्यात लहान इथरनेट फ्रेम धरली तर १ गिगाबिटमध्ये सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेट मावतात, आणि जोडणी भरण्याआधीच मशीन धापा टाकते. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये कॉनट्रॅकचा (फायरवॉलच्या जोडण्यांच्या नोंदींचा) तक्ता भरल्याची ओळ दिसली तर गेमच्या यूडीपी पोर्टला कॉनट्रॅकमधून वगळा; गेमचा सर्व्हर आपली जोडणी स्वतः सांभाळतो. टीसीपी असेल तर सिनकुकी, म्हणजे अर्धवट जोडण्यांचा पूर झेलायची लिनक्सची सोय, चालू आहेत ना ते बघा.

तिसरा प्रकार सोर्स गेमच्या चौकशीचा पूर. सर्व्हर यादीत दिसण्यासाठी जी चौकशी येते ती नुसती २५ बाइटची असते, उत्तर त्याहून मोठं. डिसेंबर २०२० मध्ये वाल्वने त्यात आधी चॅलेंज (विचारणाऱ्याचा पत्ता खरा आहे का ते पाहणारा आकडा) मागायची पद्धत आणली, म्हणून जुनी सर्व्हर आवृत्ती चालवू नका. फायरवॉलमध्ये या चौकशीवर एकूण मर्यादा घालता येते, समजा सेकंदाला २००. हल्ला चालू असेपर्यंत तुमचा सर्व्हर यादीतून गायब होईल, पण आत खेळणारे खेळत राहतील, आणि तो सौदा परवडतो. मर्यादा फक्त चौकशीच्याच पॅकेटवर घाला. नुसते सुरुवातीचे चार एफएफ बाइट बघून अडवलं तर नव्याने जोडणारे खेळाडूही अडतात, कारण त्यांची पहिली पॅकेटंही तशीच सुरू होतात.

माइनक्राफ्टमध्ये शेकडो बॉट एकदम शिरायचा प्रयत्न करतात. ऑनलाइन मोड चालू असला की प्रत्येकाला खरं खातं लागतं, तिथेच बरेचसे गळतात. बकिट या सर्व्हर सॉफ्टवेअरची जोडणी मर्यादा एका आयपीला ४००० मिलिसेकंदांत एकदाच येऊ देते. प्रॉक्सी मागे असाल तर मात्र ही मर्यादा बंद करून प्रॉक्सीवर लावा; नाहीतर सगळे खेळाडू एकाच आयपीवरून आल्यासारखे दिसतात आणि एकमेकांनाच अडवतात.

उलट हल्ला करायचा विचारही मनात आणू नका. ज्या पत्त्यांवर तुम्ही माराल ते खोटे असतील, किंवा कोणाच्यातरी घरातला बिचारा कॅमेरा असेल, आणि गुन्हा तुमच्या नावावर लागेल. ‘पैसे द्या, थांबवतो’ असा निरोप आला तर उत्तर देऊ नका, फक्त तो जपून ठेवा. एकदा पैसे मिळाले की तोच परत येतो.

वारंवार हल्ले होत असतील तर गेमच्या यूडीपी-टीसीपीला गाळणी लावणारा होस्ट किंवा प्रॉक्सी घ्या. वेबसाइटसाठीचं साधं संरक्षण फक्त वेबचं असतं, गेमची पॅकेटं त्यातून जात नाहीत. गाळणीमागे गेल्यावर जुना आयपी सोडून नवा घ्या, नाहीतर हल्लेखोर थेट जुन्यावर मारत राहील. नवा आयपी फुटू नये म्हणून नकाशाचं पान, व्हॉइस सर्व्हर आणि चॅट बॉट त्याच मशीनवर ठेवू नका, आणि फायरवॉलमध्ये फक्त गाळणीच्या पत्त्यांनाच आत घ्या. डोमेनचा टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आधीपासून ३०० सेकंद ठेवला असेल तर ही बदली पाच-दहा मिनिटांत सगळीकडे पोचते. घरच्या जोडणीवरून सार्वजनिक सर्व्हर चालवू नका. हल्ला झाला तर घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट जातं.

८. अ‍ॅडमिनची खाती

‘मी बनवलेला गेम जरा चालवून बघ’ म्हणत डिस्कॉर्डवर फाइल येते. ती चालवली की ब्राउझरमधली लॉगिनं चोरीला जातात आणि पुढच्या काही मिनिटांत तुमच्याच खात्यावरून सगळ्यांना बॅन केलं जातं. पाठवणारा ओळखीचा असला तरी विचारा, कारण त्याचंही खातं आधीच गेलेलं असू शकतं. होस्ट, ईमेल, डोमेन आणि डिस्कॉर्ड या चारही ठिकाणी दोन टप्प्यांचं लॉगिन लावा; एसएसएचला पासवर्ड बंद करून किल्ली वापरा.

सहायकांना पूर्ण ऑप (सर्व्हरवरचे सगळे अधिकार) देऊ नका. लकपर्म्स या परवानग्यांच्या प्लगइनमध्ये त्यांचा वेगळा गट करून किक, तात्पुरता बॅन, तपासणी आणि प्रीव्ह्यूपर्यंतच परवानगी ठेवा. कोणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याचे अधिकार, एसएसएचची किल्ली आणि होस्टच्या पॅनेलमधलं नाव काढा, आणि आरकॉनचा पासवर्ड बदला. भांडून गेलेला जुना अ‍ॅडमिन सर्व्हरची प्रत्येक खाच जाणतो.

खातं चोरीला गेलंच तर क्रम असा ठेवा: आधी होस्टच्या पॅनेलवरून सर्व्हर बंद, मग ईमेलचा पासवर्ड, मग बाकी खात्यांचे, आणि हे सगळं दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. सगळीकडची चालू सत्रं बंद करा, कारण चोरलेलं सत्र पासवर्ड बदलूनही चालू राहू शकतं. ऑपची यादी, प्लगइनचा फोल्डर आणि क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं तपासा. अनोळखी काही दिसलं तर मशीन पुन्हा शून्यापासून उभी करा आणि चोरीच्या आधीचा बॅकअप लावा. हल्ल्याच्या वेळी घाईत टाकलेले फायरवॉलचे नियम पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी एकेक करून काढा, प्रत्येकाच्या पुढे टाकल्याची तारीख लिहिलेली असली तर कुठला कशासाठी होता ते कळतं.